मधलं माणूस गेल्यावरचा तह

मला एका जागी बसवत नाही. आधीपासूनच नाही. तीस वर्षं तालुक्याच्या मोजणी कार्यालयात साखळी ओढली. साहेब नकाशा धरून बांधावर उभे राहायचे आणि मी लोखंडी साखळीचं टोक धरून बाभळीतनं, चिखलातनं, लोकांच्या शिव्यांतनं पुढं जायचो. शाळा सातवीपर्यंत. त्यामुळं लिहिण्यात चुका असतील, त्या असू द्या. पाय थांबले की माझं डोकं चालू लागतं, आणि बायको गेल्यापासून डोकं चालू लागलं की एकाच ठिकाणी जाऊन बसतं.

म्हणून इथं आयर्लंडात, एनिस गावाला मुलीकडं आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी तिचं घर पावलांनी मोजून काढलं. मागचं आवार एकवीस पावलं लांब, अकरा रुंद. स्वयंपाकाच्या ओट्यापासून समोरच्या कपाटापर्यंत सहा. कपाटाला इथले लोक प्रेस म्हणतात, आता मुलगी पण प्रेसच म्हणते. त्या प्रेसच्या वरच्या फळीवर, पोह्याच्या डब्याशेजारी, हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अस्थी होत्या. आपल्याकडं अस्थी म्हटलं की हाड हाताला लागतं. इथं सगळं दळून देतात, रांगोळीसारखं. हिरव्या डब्यात, वर चिठ्ठी चिकटवून. मी त्या सहा पावलांच्या किती येरझाऱ्या घातल्या ते मला विचारू नका.

मी आलो होतो तो डबा न्यायला. मुलीचं म्हणणं, अर्धा इथंच राहील.

मुलगी आणि मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. तिनं नागपूरच्या पोराशी लग्न केलं, जातीबाहेर, रजिस्टर ऑफिसात. मी भर बैठकीत, चुलतभावासमोर म्हणालो, "कागदावर सह्या केल्या म्हणजे लग्न झालं का? जनावराच्या बाजारात पण पावती फाडतात." ती निघून गेली. पुढं नवऱ्याबरोबर आयर्लंडला आली. दोघं शॅननला डॉक्टरी उपकरणांच्या कारखान्यात आहेत. जावई माणूस भला आहे. ते मी आता लिहितो, तेव्हा म्हणालो नाही.

अकरा वर्षं मध्ये ही होती. रविवारी फोन यायचा. ही तो स्पीकरवर टाकून मधोमध धरायची.

"बाबांचं गुडघ्याचं कसं आहे?" पलीकडून मुलगी विचारायची.

"ती विचारतीये, गुडघा कसा आहे."

"ऐकू आलं मला. मी बहिरा नाही."

"मग तिला सांगा की."

"तू सांग. बरा आहे म्हणावं."

"बरा आहे म्हणतात गं. पण काल जिन्यावर कण्हत होते."

"ते कशाला सांगितलंस?"

"आई, त्यांना म्हणावं तेल लावा."

असं अकरा वर्षं. दोघांनाही सगळं ऐकू यायचं, तरी हिनं मधून उचलून इकडचं तिकडं द्यायचं. त्यात ती आपलं मीठमसाला घालायची आणि कडू असेल ते गाळायची, हे मला ती गेल्यावर समजलं.

गेल्या वर्षी मुलीला दिवस गेले. तिनं दोघांनाही बोलावलं. पासपोर्ट हिनं आधीच दोघांचे काढून ठेवले होते. मी म्हणालो, तू जा, मी नाही येत. ही एकटी आली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. नात झाली. तीन महिन्यांनी एका सकाळी हिला पक्षाघाताचा झटका आला.

त्या दिवशी मुलीचा फोन मध्ये कुणी नसताना थेट मला आला. "बाबा, लगेच व्हिसाला अर्ज लावा." एवढंच. मी लावला. वकिलातीनं लग्नाचा पुरावा मागितला. आमच्या लग्नाला हजार माणूस जेवलं होतं, पण कागद एकही नव्हता. तेव्हा कोण नोंद करत होतं? सर्टिफिकेट नसेल तर तहसीलला प्रतिज्ञापत्र करा म्हणाले, लग्नाला हजर असलेल्या दोघांच्या सह्या घेऊन. एकोणिसाव्या दिवशी ही गेली. व्हिसा त्यानंतर तीन दिवसांनी आला. शॅननजवळच्या विद्युतदाहिनीत तिला नेली ते मी फोनवर पाहिलं. चित्र मध्येच अडकलं, तेव्हा डोळ्यांसमोर नुसती एक बंद पेटी थांबून राहिली.

सगळ्यांना मी सांगितलं, सरकारच्या कागदानं मला अडवलं. लोक हळहळले.

इथं पोचायला मला आणखी सहा महिने लागले. आलो तर मुलगी माझ्याशी बोलायची ती नऊ महिन्यांच्या नातीमार्फत. "आजोबांना सांग, चहा झालाय." नात बोटं चोखायची. मी पण तिलाच सांगायचो, "आईला सांग, साखर कमी घाल." जावई मान खाली घालून पोळी खायचा.

तर शेजारच्या मास्तरांची गोष्ट. शेजारी निवृत्त मास्तर राहतात, इथलेच, इतिहास शिकवायचे. आपलं आवार आणि त्यांचं आवार यांत झाडांचं कुंपण आहे. दुसऱ्या आठवड्यात मला करमेना, म्हणून गवतात जुना खांब शोधला, दुसऱ्या टोकाला दुसरा सापडला. मध्ये सुतळी ताणली. कुंपण दीड वीत आपल्या बाजूला सरकलेलं. मी चार खुंट्या ठोकून मोकळा झालो.

मुलगी कामावरून आली आणि नातीला विसरून थेट माझ्यावरच आली. "बाबा! हे काय केलंत? इथं असं करत नाहीत! ते काय म्हणतील?"

"काय म्हणतील? दीड वीत खाल्लंय म्हणतील."

"अहो, झाड वाढलंय ते!"

"बांध कोरणारे सगळे हेच म्हणतात."

तेवढ्यात मास्तर कुंपणावरून डोकावले. खुंट्या बघितल्या, सुतळीला डोळा लावला, आणि हसत हसत घरातून मोठी कातरी घेऊन आले. काहीतरी म्हणाले. मुलगी लाजून लाल झाली होती, तरी तिला सांगावं लागलं. "म्हणतायत, तुमचं बरोबर आहे. विचारतायत, तुम्ही काम काय करायचात."

"सांग त्यांना, दोन भावांत हद्द दाखवायचो."

त्या दिवसापासून मास्तर दुपारी चहाचा मग घेऊन कुंपणापाशी यायचे. इंग्रजी मला येत नाही. 'ग्रँड' एवढं कळतं, कारण ते सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पावसालासुद्धा. म्हणून मुलगी सुट्टीच्या दिवशी मध्ये उभी राहायची. माझं त्यांना, त्यांचं मला. जे काम हिचं होतं ते आता मुलगी करत होती. फरक एवढाच की या कामात तिला माझ्याकडं बघून बोलावं लागायचं.

एकदा मी म्हणालो, "विचार त्यांना, हे देश कुणी केले? मोजणी कुणी केली? मला त्या मोजणीदाराचं नाव पाहिजे. नवऱ्याला बायकोचं तोंड बघायला कागद लागतो, ही हद्द पहिल्यांदा घातली कुणी?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मग विचारलं.

मास्तरांनी मग खाली ठेवला. एकानं नाही केली, म्हणाले. एका दिवसात तर नाहीच. पण सुरुवात कुठली धरायची तर पुस्तकं जर्मनीतल्या वेस्टफालिया नावाच्या मुलखाकडं बोट दाखवतात. पावणेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तीस वर्षं लढाई चाललेली. धर्म, गाद्या, जमिनी, सगळं एकात एक गुंतलेलं. गावंच्या गावं ओस पडली. तेव्हा तहाला बसायचं ठरलं. पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका गावात बसायला तयार नव्हते. मग गावं दोन घेतली, मुन्स्टर आणि ओस्नाब्रुक. घोड्यावर दिवसभराच्या अंतरावर. दोन्हीकडं वकील बसलेले आणि मध्ये चिठ्ठ्या नेणारे घोडेस्वार.

"मुन्स्टरात तर," मुलगी सांगत होती, "फ्रान्सचे वकील आणि जर्मन बादशहाचे वकील समोरासमोर बसायचेच नाहीत. मध्यस्थ होते दोन, एक पोपचा माणूस, एक व्हेनिसचा. हे ह्यांचं ऐकायचे, मग त्यांच्याकडं जाऊन..."

ती थांबली. मीपण सुतळीचं टोक उगाच ओढत बसलो. मास्तर एकदा मुलीकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काय कळणार रविवारचे फोन.

"पुढं विचार," मी म्हणालो.

पुढं म्हणे दारातून आधी कोण आत जाणार, कुणाला काय पदवीनं हाक मारायची, यातच महिनेच्या महिने गेले. त्याच्याही आधी, वकिलांना तिथपर्यंत जायला रस्त्याचे परवाने कुणी कुणाला द्यायचे, याचं भांडण वर्षानुवर्षं चाललं.

"म्हणजे तेव्हापण आधी व्हिसाच," मी म्हणालो.

मुलगी हसली. नकळत हसली आणि लगेच तोंड मिटलं. पण मी बघितलं होतं.

"आणि लढाई?"

"ती चालूच होती. बाहेर माणसं मरत होती आणि आत खुर्च्या ठरत होत्या."

मी तोंड फिरवून सुतळी गुंडाळू लागलो. का ते मुलीला माहीत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

शेवटी ठरलं ते असं. ज्याच्या मुलखात जो राजा, तिथं बहुतेक करून त्याचा शब्द चालेल, दुसऱ्यानं हात घालायचा नाही. देवळं आणि त्यांच्या जमिनी कुणाच्या, तर एक जुनं वर्ष धरायचं आणि त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कब्जा ज्याचा, त्याचं खरं. हे मला एकदम पटलं. आमच्याकडं पण भांडण किती जुनं ते नाही बघत, कब्जा कोणत्या तारखेचा ते बघतात. पुढं साठ-सत्तर वर्षांनी उत्रेख्त नावाच्या गावात आणखी तह झाले. तिथं ठरलं की फ्रान्स आणि स्पेन या दोन गाद्या एका डोक्यावर यायच्या नाहीत, कुणा एकाचं पारडं फार जड व्हायला नको. असे तहावर तह होत गेले आणि प्रत्येक देश आपापल्या बांधाच्या आत मालक झाला. मास्तर हे पण म्हणाले, की पुस्तकात दाखवतात तितकं सरळ नव्हतं, दुसऱ्याच्या मुलखात हात घालणारे त्यानंतरही घालत राहिले. ते मला कुणी सांगायला नको. मोजणी झाली की दुसऱ्याच पावसाळ्यात दगड सरकलेले मी बघितलेत.

"आणखी एक कलम होतं," मुलगी म्हणाली, माझ्याकडं न बघता. "दोन्ही बाजूंनी लढाईत जे जे केलं, ते सगळं कायमचं विसरायचं. कुणी उकरून काढायचं नाही."

"तसं लिहून विसरता येतं का, विचार."

तिनं विचारलं. मास्तरांनी खांदे उडवले. त्याचं भाषांतर लागलं नाही.

मला परत जायला नऊ दिवस उरले होते तेव्हा मास्तर म्हणाले, तुमच्यासारख्या दगडवाल्या माणसानं लिमरिकचा दगड बघितल्याशिवाय जायचं नाही. अर्ध्या तासाची वाट. त्यांच्या मोटारीत आम्ही तिघं. नात जावयापाशी राहिली.

शॅनन नदीवर पूल आहे, पलीकडं किल्ला आणि अलीकडं चौथऱ्यावर तो दगड. ओबडधोबड, टवके उडालेला. वेस्टफालियानंतर चाळीसेक वर्षांनी इथं दोन राजांच्या फौजांत तह झाला, आणि लोक म्हणतात सह्या त्या दगडावर ठेवून केल्या. पुढं येणारे-जाणारे आठवण म्हणून तुकडे काढून नेऊ लागले, तेव्हा तो उचलून वर ठेवला.

मी चौथऱ्याला एक चक्कर मारली. "उचलून ठेवला म्हणजे संपलं," मी म्हणालो. "आमच्याकडं जुने मोजणीदार दगडाखाली कोळसा पुरायचे. दगड कुणी हलवला तरी कोळसा जागा सोडत नाही. ह्याच्याखाली काय आहे?"

मास्तर म्हणाले, खाली काही नाही आणि तहाचंही तेच झालं. इथल्या लोकांच्या धर्माला, जमिनीला धक्का लावणार नाही असं लिहिलं होतं. पक्की नक्कल करताना त्यातली एक ओळ गळली. राजानं ती परत घातली, पुढं इथलं पार्लमेंट म्हणालं आम्ही नाही मानत. हरलेल्या सैनिकांना मात्र बायकापोरं घेऊन फ्रान्सला जायची मुभा होती. हजारोंनी गेले. कॉर्क नावाच्या बंदराच्या धक्क्यावर गलबतं लागली. आधी पुरुष चढवले. मग जागा उरली नाही. गलबतं सुटली तेव्हा बायका पोरांना घेऊन पाण्यात शिरल्या, होड्यांना धरून लोंबकळल्या, आणि...

मुलीनं भाषांतर थांबवलं. ओढणी तोंडाशी धरली. मास्तर मोठे शहाणे, ते पुलाकडं तोंड करून चालत लांब गेले.

मग तिथं मुलगी आणि मी दोघंच. मध्ये कुणी नाही. नात नाही, फोन नाही, ही नाही. मी दगडाला दुसरी चक्कर मारली, तिसरी मारली. आधी कोण बोलणार? अकरा वर्षं हेच चाललं होतं. चौथ्या चकरेला माझे पाय थांबले.

"मी उशीर केला," मी म्हणालो. "सरकारनं नाही."

तिनं तोंडावरची ओढणी खाली घेतली.

"तहसीलला जायचं होतं. दोन सह्यांतली एक चुलतभावाची पाहिजे होती, लग्नातल्यांत जवळचा तोच उरला होता. त्याच्यासमोर मी तुझ्या लग्नाला बाजारची पावती म्हणालो होतो. आता त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं, माझ्या लग्नाला कागद नाही, तेवढा करून दे. अकरा दिवस माझ्या तोंडातनं शब्द निघाला नाही. रोज त्याच्या वाटेनं जायचो आणि परत यायचो. बाराव्या दिवशी गेलो. तो एका शब्दानं बोलला नाही, लगेच सही केली. लगेच गेलो असतो तर ती असताना पोचलो असतो."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"प्रतिज्ञापत्र तुम्ही मलाच पाठवलंत ना, पुढं लावायला. खाली तारीख आहे. तारीख वाचता येते मला."

मी सातवी शिकलेला माणूस. तारखेवर जन्म गेला, आणि आपल्याच कागदाची तारीख मला दिसली नव्हती.

"आणि तिला?"

"आईला मी सांगितलं, ऑफिसवाले उशीर करतायत. तिला बोलता येत नव्हतं. हातानं असं केलं," तिनं उजवा हात उचलून हवेत दोनदा हलवला, "म्हणजे येतील, येतील. ती चिडली नव्हती तुमच्यावर. मी चिडले होते. अजून आहे."

"मग ते विसरायचं कलम..."

"मला नाही जमायचं. तुम्हीपण विसरू नका. लिहून काढा. पण नातीला मध्ये घालून चहाचं विचारू नका परत. हसतात मला घरात."

"कोण हसतो? जावई?"

"मग काय तर. ती दात यायच्या आधी वकील झाली म्हणतो."

मास्तर परत आले तेव्हा आम्ही दोघं नाक पुसत होतो. ते म्हणाले, ग्रँड?

"ग्रँड," मी म्हणालो. माझं पहिलं इंग्रजी.

घरी आल्यावर मुलीनं प्रेसमधून हिरवा डबा काढला. मी दुसरा धरला, स्टीलचा, झाकणाचा. तिनं वाटीनं निम्मं माझ्या डब्यात घातलं. "बघा, सारखं झालं का."

"बघायला नको," मी म्हणालो.

माझ्या डब्यासाठी वकिलातीचा दाखला लागतो. राखेलासुद्धा हद्द ओलांडायला कागद पाहिजे. फॉर्ममध्ये मुलीनं लिहिलं, नातं: पती. पुरावा म्हणून तेच प्रतिज्ञापत्र जोडलं, तीच तारीख खाली. मी म्हणालो, दुसरा कुठला कागद नाही का? ती म्हणाली, नाही, आणि असता तरी हाच लावला असता.

मुलीचं निम्मं काल इथल्या फर्गस नदीत सोडलं. ही नातीला गाडीत घालून रोज दुपारी त्या लहान पुलापर्यंत जायची म्हणे. घरापासून पूल किती लांब ते मला पाहिजे होतं, म्हणजे गावी परत गेल्यावर ही रोज किती चालायची ते डोळ्यांपुढं आणता येईल. दारापासून पावलं मोजायला लागलो. सहाशे चाळीसपर्यंत नीट होतं. पुढं मुलगी बोलायला लागली. ही कुठल्या बाकावर बसायची, कुठल्या कुत्र्याला मराठीत दटावायची, थंडी वाजली की माझ्या नावानं कशी बोटं मोडायची. मी मध्ये मध्ये विचारत गेलो.

पुलावर पोचलो तेव्हा आकडा डोक्यातून गेला होता. परत जाऊन मोजायला हवं होतं, अजून दोन दिवस आहेत. पण आज सकाळी मुलगी म्हणाली मीपण येते, आणि ती असताना मोजणी होत नाही.